मधे सरकवलेली भाजी

कंपनीत जेवणाचा भोंगा झाला की आम्ही बायका शेडमध्ये सतरंजी अंथरून गोल करून बसायचो. डबे उघडले की आपापली भाजी आधी मधे सरकवायची. एकदा मधे गेलेली भाजी आपली राहत नसे. भाकरी आपली, कालवण दुसरीचं. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण नव्या पोरीलाही तो कधी सांगावा लागला नाही. कुणी आपलीच भाजी मुकाट्यानं खायला लागली तर दुसरी लगेच विचारायची, "का गं, आज सोनं शिजवून आणलंयस का?"

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी जोडायची एक कंपनी होती. मी न्हावऱ्याहून तिथं कंपनीच्या बसनं जायची. लग्न व्हायचं होतं, अंगात रग होती आणि तोंडाला लगाम नव्हता. गोलात माझ्या उजव्या हाताला आक्का बसायची. ती मांडवगण फराट्याची, आमच्यात सगळ्यांत मोठी, घरात सुना आलेल्या. तिचा हात इतका झपाझप चालायचा की सुपरवायझरसुद्धा तिला अहोजाहो करायचा.

एक दिवस लायनीवर उभी असताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मट्कन खाली बसली. तिला शुगर आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती कधी त्यावर बोलायची नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, असं पुन्हा झालं तर उभ्याचं काम बंद. आम्ही सगळ्या कंत्राटावरच्या, आम्हाला बसायचं काम नव्हतंच. उभ्याचं काम बंद म्हणजे घरी.

परतीच्या बसमध्ये आक्का रडायला लागली. मी शहाणपणा केला. म्हणाले, "आक्का, पोरं कमावती हायेत, सुना हायेत. बसून खायाचं आता."

ती माझ्यावर खेकसली. "घरी कुठं बसाया मिळतंय मला? आधी गडीमानसं, मग पोरं, मग सुनांचं झाकून ठिवायचं. उरलंसुरलं मी उभ्यानंच तोंडात टाकते. लगीन झाल्यापासनं असंच. बसून, चौघींत बोलत जेवती ती फकस्त कंपनीत. ती जागा गेली तर मला काय राह्यलं?"

मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

त्याच सुमारास कंपनीनं पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. त्यांचा हुद्दा हेल्थ कोच. आम्हाला वाटलं, या चार तक्ते दाखवतील, व्यायाम करा म्हणतील आणि चहा पिऊन जातील. पण त्या दर आठवड्याला यायच्या, एकेकीला समोर बसवायच्या आणि नुसतं विचारायच्या. सकाळी काय खाता, झोप लागते का, कशाचा घोर लागलाय का. आमचं सगळ्यांचं उत्तर एकच, "बरं हाय." आक्काचंही तेच. मॅडम मात्र चिवट होत्या. हळूहळू त्यांनी आक्काकडून काढून घेतलंच. शुगरची गोळी ती पहाटे बस पकडायच्या घाईत रिकाम्या पोटी घ्यायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही सोडायची नाही आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी चापायची. त्यात आमच्या गोलातले तेलात पोहणारे बटाटे आणि कुणाच्या घरचं पुरण.

मॅडमनी सांगितलं, रिकाम्या पोटी गोळी घेतली की शुगर एकदम खाली जाते आणि अंधारी येते; गोळीआधी दोन घास खायचेच, आणि दुपारी फक्त स्वतःचा डबा.

आक्का शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीशी एकटी बसायला लागली. तिची जागा आम्ही मोकळीच ठेवायचो. बायका होत्या तेवढ्याच होत्या, पण जेवताना हसू येईना. मी तिच्याकडे बघायची, ती डब्यात बघायची. अर्धी भाकरी तशीच झाकून घरी न्यायची. मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी लायनीवर तिचा तोल गेला. सुपरवायझरची पाठ होती म्हणून बरं. मी तिला दंडाला धरून उभी ठेवली आणि तिच्या तोंडात साखर कोंबली.

मॅडम आल्यावर मीच चोमडेपणा करून त्यांना सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत त्या आक्काजवळ गेल्या. "आक्का, डबा संपवत का नाही?"

"तुम्ही म्हनला म्हनून बसते हितं, मॅडम," आक्का म्हणाली. "पर एकटीच्या घशाखाली उतरत न्हाई. घास नुस्ता तोंडात फिरतोय."

मॅडमनी आक्काला हाताला धरून उठवलं, गोलात आणून बसवलं आणि स्वतःही मांडी घालून बसल्या. पिशवीतून आपला डबा काढून त्यांनी भाजी मधे सरकवली. दुधी होता आणि खरं सांगायचं तर अगदी पांचट होता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी एकट्या आक्कांना बदलायला निघाले होते. आता सगळा गोलच बदलू या. जमेल का?"

मग मधे मटकी यायला लागली, मेथी आली, शेवग्याच्या शेंगा आल्या. साबुदाणा हद्दपार झाला. सकाळच्या चहाला प्रत्येकीनं मूठभर फुटाणे आणायचे आणि आक्कानं खाल्ल्याशिवाय कुणी कपाला हात लावायचा नाही. बटाटे बंद झाल्यावर मी फार कुरकुर केली. आक्का म्हणायची, "गप गिळ. तुजंबी भलं होतंय." खरंच झालं. माझं पित्त गेलं, आणि आक्काची शुगर इतकी आटोक्यात आली की डॉक्टरांनी पुन्हा तपासून पाहिली. ती लायनीवर राहिली, माझ्या उजव्या हाताला राहिली. मला आयुष्यात इतकं रुचकर जेवण पुन्हा मिळालं नाही, आणि त्यात तेल तर नावाला असायचं.

पुढे कंपनीत कँटीन झालं. खुर्च्या-टेबलं आली, खणांची ताटं आली, डबे आणायला मनाई झाली. मॅडमचं येणं थांबलं. ज्याचं ताट त्याच्यापुढं. आक्काचं कंत्राट संपलं आणि माझं लग्न होऊन मी दौंडला आले. नवरा रेल्वेत, ड्युटीचा नेम नाही. सासऱ्यांची वेळ वेगळी, पोरांची वेगळी. सगळ्यांचं होईतो माझी भूक मरून जायची. मग ओट्याशी उभी राहून चार घास.

काही वर्षांनी शिरूरच्या एसटी स्टँडवर आक्का भेटली. वाळली होती, पण डोळे तेच. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलं किती, सासू कशी, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "बसून जेवतीस ना गं?"

मी स्टँडवरच्या पाट्या वाचायला लागले. आक्का समजली. तिनं मला बाकावर बसवलं, पिशवीतून डबा काढला आणि मटकीची उसळ दोघींच्या मधे ठेवली. मांडवगणची गाडी लागली तरी ती हलली नाही. "जाऊ दे, दुसरी येईल," म्हणाली. गर्दीत, धुरळ्यात, आम्ही दोघी बसून जेवलो.

तेव्हापासून मी बसून जेवते असं म्हटलं तर ते खोटं होईल. अजून मी ओट्याशीच उभी असते. पण भाकरी मोडायच्या आधी हात आपोआप भाजीची वाटी उजवीकडे सरकवतो, आणि मग मी ती परत ओढून घेते.