शेवाळताईचं बिघडवलेलं चित्र

बेटावर तिला सगळे शेवाळताई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यातल्या त्यात हे बरं. ओहोटी लागली की ती कपडे गुडघ्यापर्यंत खोचून खडकांवर उतरायची आणि लाल, हिरवं, तपकिरी शेवाळ बादलीत निवडून आणायची. घरी पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात ते सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि केसासारखे तंतू सुईच्या टोकानं एकेक मोकळे करायचे. कागद अलगद उचलला की शेवाळ त्यावर पसरलेलं राहायचं आणि वाळताना आपल्याच चिकानं कागदाला धरून बसायचं. वर जुनी चादर, चादरीवर फळी, फळीवर दगड. दगड काढले की चित्र तयार. कधी वाऱ्यात वाकलेलं झाड, कधी नुसतंच पाणी.

हात सोन्याचे, पण स्वभाव असा की ताकही फुंकून प्यायचं. लहानपणी आई तिच्या प्रत्येक चित्राला ‘वा, वा’ म्हणायची. ती सगळी चित्रं एके दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलेली सापडली. तेव्हापासून कुणी कौतुक केलं की ही आधी त्यातली मेख शोधायची. थोरला भाऊ मात्र चांगलंही म्हणायचा नाही आणि वाईटही. तो लाँच चालवायचा आणि लाँचच्या भोंग्याइतकंच बोलायचा, निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा.

धक्क्यावरच्या दुकानात बॅटऱ्या आणि बिस्किटांच्या मधे तिची चित्रं टांगलेली असायची. वर्षानुवर्षं ती तिथं धूळ खात होती. नवरा गेला आणि त्याच वर्षी चित्रं खपायला लागली. आज लावावं, चार दिवसांत गायब! दुसरी एखादी हरखून गेली असती. हिनं यातही मेख शोधायला घेतली.

“कोण नेतं हो?” तिनं दुकानदाराला विचारलं.

“येतात माणसं. मी काय तोंडं लक्षात ठेवतो? तुमच्या दादाला विचारा, त्याच्याच लाँचनं येतात.”

दादाचं नाव निघालं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवरा गेला तेव्हा ‘काळजी करू नको’ म्हणाला होता तो. परवा तर चक्क ‘पुढचं कधी होणार?’ म्हणून विचारून गेला. जन्मात कधी विचारलं नव्हतं! पाणी इथंच मुरत होतं. विधवा बहिणीला हात पसरायला लागू नये म्हणून हा गुपचूप चित्रं घेत असणार. म्हणजे आपल्या हातात काही कला नाही, ही सगळी कीव आहे. या विचारानं तिला जेवण जाईना. भीक घालायचीच तर तोंडावर घालावी, असं तिला वाटलं.

तिनं सापळा लावला. मुद्दाम एक वाईट चित्र करायचं. जो बघून घेतो तो ते घेणार नाही, जो कीव करतो तो ते डोळे मिटून घेईल. पण बिघडवणंही सोपं नव्हतं. सुई सवयीनं तंतू सोडवायला जायची आणि ती स्वतःच्याच हातावर खेकसायची. शेवटी कुजकं शेवाळ मुठीनं आपटलं, वाळू तशीच ठेवली आणि दगड अर्ध्यातच काढले. कागद पापडासारखा आक्रसला. तो तिनं नेऊन दुकानात टांगला.

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा.

ती तडक लाँचवर गेली. दादा इंजिन पुसत होता. तिनं केबिनमधल्या बाकाची फळी उचलली. आत लाइफ जॅकेटं आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चित्र.

“बाकीची कुठं लपवलीस?”

“कुठली बाकीची?”

“दादा, मी काय दूधखुळी आहे? वर्षभर घेतोयस ती!”

“मी हे एकच घेतलं.” त्यानं फडक्याला हात पुसले. “बाकीची चित्रं लोक नेतात. मांडीवर धरून बसतात, पाणी उडू नये म्हणून. पुढचं कधी येणार, असं मलाच विचारतात. मला काय ठाऊक? म्हणून तुला विचारलं.”

तिचा अजून विश्वास बसेना. “मग हेच का घेतलंस?”

दादा अवघडला. “वाईट होतं गं. तुझ्या हाताला काही झालं की काय, असं वाटलं. म्हटलं, लोकांनी बघायला नको.”

“वाईट आहे हे तुला कळलं?”

“न कळायला काय झालं? तुझ्या चित्रात शेवाळ अजून पाण्यात असल्यासारखं दिसतं. हे मेलेलं होतं.”

तिनं बाकाची फळी आदळली आणि तिच्यावरच बसली. रडू आवरेना आणि रागही आवरेना.

“एवढं दिसत होतं, तर इतक्या वर्षांत एकदा तरी चांगलं म्हणायचंस!”

“म्हटलं असतं,” दादा म्हणाला, “तर तू त्या दिवसापासून माझ्याशीही जपून बोलली असतीस.”

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं ठरलं असतं.