अन्ननलिकेतलं दहाचं नाणं

"म्याडम, फोटोत वर्ष दिसतंय का तेवढं बघा की."

मी एक्स-रे लाइटवर लावला होता. छातीच्या मधोमध एक पांढरी गोल चकती. पेशंट माझ्या खांद्यावरून मान लांब करून बघत होता. हातात स्टीलचा ग्लास, कारण थुंकी गिळली जात नव्हती, ग्लासात टाकावी लागत होती.

"एक्स-रेत धातूची नुसती सावली येते. वर्ष नाही दिसत."

"सिंह तरी?"

"सिंहही नाही. बसा."

मी सोलापुरात एंडोस्कोपी करते. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून अन्ननलिका आणि पोट आतून बघते. अडकलेली हाडं, कवळ्या, सेफ्टी पिना असं पुष्कळ काही काढलंय. पण स्वतःपेक्षा गिळलेल्या वस्तूची जास्त काळजी करणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते.

पेशंटचं नाव सिद्रामप्पा. दुधनीला धान्याचं दुकान, वय साठीच्या पुढे. सोबत बायको, महानंदाबाई. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"नाणं गिळलं कसं?" मी विचारलं.

"गिळलं न्हाई. गेलं," सिद्रामप्पा म्हणाले आणि ग्लास तोंडाला लावला.

बाकीचं बाईंनी सांगितलं. एका सालची दहा रुपयांची नाणी सरकारने फार थोडी पाडली, असं यांनी मोबाइलवर ऐकलं. किती नाणी पाडली त्या आकड्याला मिंटेज म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळलं. मिंटेज कमी तर भाव जास्त, असं म्हणे. झालं. गल्ल्यात येणारं त्या सालचं प्रत्येक नाणं यांनी डब्यात टाकायला सुरुवात केली. त्यातल्या सगळ्यात चकचकीत नाण्याचा फोटो पुण्याच्या एका नाणी विकत घेणाऱ्याला पाठवला. तो म्हणाला, सोलापूरला येतोय, घेऊन या, बघू. पन्नास हजार हा आकडा यांनी आपल्या मनानेच धरला आणि अख्ख्या बाजारात सांगून टाकला.

मोबाइलवर असंही सांगितलं होतं की नाण्याला बोटं लावायची नाहीत, घामाचे डाग पडतात. म्हणून सकाळी डबीत भरताना यांनी नाणं ओठांत धरलं. तेवढ्यात मागून बाईंनी विचारलं, चहा टाकू का?

"आन ह्यांनी 'व्हय' म्हटलं," महानंदाबाई म्हणाल्या.

मला हसू फुटत होतं. ते दाबून मी डॉक्टरी सुरात समजावलं. नाणं पोटात उतरलं असतं तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं. हे वाटेतच अडकलंय. तिथे राहिलं तर अन्ननलिकेला जखम होते, भोकसुद्धा पडू शकतं. तेव्हा आजच, आत्ताच काढायचं.

"कशानं काढणार?"

मी चिमटा दाखवला. लांब तारेच्या टोकाला असतो, उंदरासारखे बारीक दात असतात, पकड घट्ट बसते. दात बघून सिद्रामप्पा उठून उभेच राहिले.

"ह्यानं? म्याडम, एक ओरखडा पडला तर मालाची माती होईल!"

"आणि तुम्हाला आतून जखम झाली तर?"

"मी काय, भरून येईन. नाणं भरून येत न्हाई."

संमतीच्या कागदावर सही करायला साफ नकार. मी चिडले. बाहेर पेशंटची रांग लागलेली आणि इथे नाण्याच्या तब्येतीवर चर्चा. महानंदाबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमी त्या दातानंच काढा. लई झाली थेरं."

एवढ्यात पुण्याचे गृहस्थ हॉस्पिटलमध्येच हजर झाले. सिद्रामप्पांनी त्यांना पत्ता कळवून ठेवला होता. आडनाव लेले. खिशात भिंग, हातात पांढरे हातमोजे. माझ्यापेक्षा तेच सर्जन वाटत होते.

"आम्ल लागलंय का त्याला?" त्यांनी आल्या आल्या मला विचारलं.

"आधी पेशंट कसा आहे ते विचारायची पद्धत असते."

"हो, हो. पेशंट कसा आहे? आणि आम्ल?"

मी शेवटचा उपाय सांगितला. जाळी. चिमट्याऐवजी एक छोटी जाळी आत नेतात, वस्तू तिच्यात धरून अलगद बाहेर ओढतात. ओरखडा पडत नाही. पण ती एकदाच वापरायची असते आणि महाग असते. किंमत ऐकून महानंदाबाईंनी डोळे मिटले. "दहा रुपड्यासाटी?" सिद्रामप्पांनी मात्र पेन मागून घेतलं आणि सही ठोकली.

घशात बधिर करणारा स्प्रे मारला, थोडं गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि नळी आत घातली. स्क्रीनवर नाणं आलं. खरंच चकचकीत होतं, आणि सिंह कॅमेऱ्याकडेच तोंड करून होते. दोनदा जाळीतून निसटलं. मला घाम फुटला, दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लेल्यांना माझ्याहून जास्त. शेवटी आलं. अर्धवट गुंगीत सिद्रामप्पांनी डोळे किलकिले केले. पहिला शब्द, "ओरखडा?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

ते नीट शुद्धीवर आल्यावर लेल्यांनी हातमोजे चढवले आणि भिंगातून नाणं दोन्ही बाजूंनी तपासलं.

"नाणं उत्तम आहे," ते म्हणाले. "दहा रुपये."

"दहा हजार?" सिद्रामप्पांनी आशेने विचारलं.

"दहा रुपये. अहो, थोडी पाडली हे खरं. पण पाडलेली सगळी लोकांनी डब्यात भरून ठेवली. कुणी हरवली नाहीत की झिजवली नाहीत. माझ्याकडेच किलोभर पडून आहेत. लोकांनी बिनधास्त खर्च करून टाकलेलं नाणंच पुढे मिळेनासं होतं. सगळ्यांनीच जपलं तर भाव यायचा कुठून?"

सिद्रामप्पांचा चेहरा पडला. "बाजारात आता काय सांगू?" ते हळूच म्हणाले. इतका वेळ मी त्यांच्यावर वैतागले होते, पण तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

निघता निघता लेले लाइटसमोर थबकले. "हा याच नाण्याचा एक्स-रे?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. "हा एक्स-रे, डॉक्टरांच्या सहीचं डिस्चार्ज कार्ड आणि नाणं. तिन्ही एकत्र मिळून पाच हजार देतो. गंमत म्हणून घेणारे असतात. असा सेट जगात दुसरा नसेल. मिंटेज एक!"

"द्या आन चला घरी!" महानंदाबाई जवळजवळ ओरडल्याच.

पण सिद्रामप्पा कॉटवर ताठ बसले होते. चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं होतं.

"जगात एकच हाय?"

"माझ्या माहितीत तरी."

"मग आत्ताच कशाला इकू? चढू दे की भाव."

एक्स-रे पेशंटचाच असतो, मला देणं भाग होतं. तो काखोटीला मारून ते दुधनीला गेले. जाताना बाहेर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो उलगडून दाखवला आणि लेल्यांनी लावलेला भावही सांगितला, ही बातमी मला नर्सकडून कळली.

त्या आठवड्यातच माढ्याचा एक तरुण आला. काही त्रास होत नव्हता. आनंदात होता.

"रुपया गिळून आलोय म्याडम. एक्स-रे जरा मोठा काढा. नाणं मधोमध येऊ दे."

मी त्याला असा झाडला की बाहेरची माणसं गप्प झाली. रुपया पोटात उतरला होता, म्हणून वाचला. नेहमीसारखं जेव, वाट बघ आणि पुन्हा असला मूर्खपणा करू नकोस, असं सांगून पाठवला. एक्स-रे मात्र त्यालाही द्यावाच लागला.

दोन दिवसांनी सिद्रामप्पांचा फोन. आवाज तापलेला.

"म्याडम, माढ्याच्या पोराला एक्स-रे दिला व्हय तुमी?"

"त्याच्याच छातीपोटाचा होता."

"त्यानं लेलेसायबाला फोटो धाडला की! लेलेसायेब आता मला पाचशे म्हनतोय. मिंटेज दोन झालं म्हनं!" मागून महानंदाबाईंचं हसणं ऐकू येत होतं, आणि ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

आता काही पेशंट मलाच विचारतात, कमी मिंटेजची नाणी साठवावीत का? मी नाण्यांमधली तज्ज्ञ नाही. पण एवढं शिकले. नाणी थोडी असून भागत नाही, वेडेही थोडे असावे लागतात. आणि त्यांचा तुटवडा आमच्या जिल्ह्यात मी तरी अजून पाहिलेला नाही.