लाल गाडीचा स्कॅनर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर कुणी शिकवलं नाही, कारण माझ्या माहेरच्या उधव्याहून पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायची होती. अक्षरही वाकडं येतं. त्याबद्दल माफी मागते, ती इथे एकदाच. पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या कशाची माफी मागणार नाही.

चारचौघांत मला बोलता येत नाही.  लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून बरं.

लग्न होऊन मी तलासरीला आले तेव्हा ह्यांचं हायवेवरचं गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. आमची खोली मागे. हत्यारं थोडीच होती, पण ह्यांचा कान होता. लांब स्क्रूड्रायव्हर, ज्याला आमच्याकडे डिसमिस म्हणतात, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने सांगायचे, बिघाड कुठे आहे. ट्रकवाले म्हणायचे, "उस्ताद, तू डॉक्टर का नाही झालास?" हे म्हणायचे, "माणूस खोटं सांगतो रे, कुठे दुखतंय ते. इंजिन नाही सांगत."

डहाणूकडच्या एका चिकूच्या बागवाल्या शेठची लाल गाडी ह्याच कानामुळे आमच्याकडे यायला लागली. ठेंगणी, दोन दरवाज्यांची, परदेशातून आणलेली. आली तेव्हाच जुनी होती, पण हायवेला लागली की मागे वळून बघेपर्यंत दिसेनाशी व्हायची. शेठ पांढऱ्या केसांचे, पण त्या गाडीत बसले की पोरासारखे चालवायचे. मुंबईच्या गॅरेजवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्यामुळे बागेचे टेम्पो, ट्रॅक्टर, त्यांच्या ओळखीच्यांच्या गाड्या, सगळं आमच्याकडे यायचं. आमचं घर त्यावर चालत होतं.

मग पंच्याण्णवनंतर ह्यांचा कान जायला लागला. मला आधी कुकरवरून कळलं. मी पाण्याला गेले की शिट्या झाल्यावर गॅस बंद करायचं काम त्यांचं. एक दिवस परत आले तर भाताचा कोळसा झालेला आणि हे तिथेच पेपर वाचत बसलेले. डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं आवाजात काढल्याने नस गेली, औषध नाही, कानात मशीन लावा. ह्यांनी ऐकलं नाही.

"कानात मशीन दिसलं की बहिरा मेकॅनिक म्हणतील. बहिऱ्याकडे इंजिन कोण आणेल?"

तेव्हापासून मी गिऱ्हाईक आलं की चहाच्या निमित्ताने पुढे जायची आणि बोलणं ह्यांना ओठांनी सांगायची. माझ्याकडे तोंड असलं की त्यांना कळायचं. हे आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

लाल गाडी मात्र ओठांवर चालत नाही. ती वेग धरला की मध्येच दम सोडायला लागली. दोनदा आणली, दोनदा तशीच गेली. तिसऱ्यांदा शेठ म्हणाले, "अरे बाबा, तुझा कान गहाण टाकलास का कुठे? आता मुंबईत कॉम्प्युटर लावून बघतात. तू पण घे तसला, नायतर मी गाडी तिकडे पाठवतो."

मी ओठांनी सांगितलं. ह्यांचा चेहरा उजळला. रात्री म्हणाले, "अगं, कानात मशीन लावलं तर बहिरा. तेच हातात धरलं तर मोठा मेकॅनिक. आपण स्कॅनर घेऊ."

पैसे नव्हते. ह्यांचे मोठे भाऊ, माझे भावजी, रेल्वेत नोकरीला, डहाणूजवळ मसोलीला स्वतःचं घर. त्यांनी द्यायचं कबूल केलं, पण अट घातली की मशीन त्यांच्यासमोर निवडायचं. "तिथे इंग्रजी लागतं," म्हणाले. मीही बरोबर निघाले तेव्हा हसले. "तुम्ही पण येणार? वा. चौथी पास आणि कॉम्प्युटरची खरेदी." जाऊबाईही हसल्या. मी चप्पल घातली.

वापीला दुकान होतं. दुकानदार पाठमोरा उभा राहून खोके काढता काढता बोलत होता. त्याने विचारलं, गाडी कुठल्या सालची. हे म्हणाले, "हो, हो."

भावजी खो खो हसले. "अरे, साल विचारतोय तो. हो काय म्हणतोस? लग्नात पण असाच हो म्हणालास वाटतं."

ह्यांची मान खाली गेली. मी म्हटलं, "शहाऐंशीची." तिथे मी उच्चारलेला हा पहिला शब्द. दुकानदाराने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याशीच बोलायला लागला. मी दाराकडे सरकले नाही. सरकले असते तर ह्यांना माझे ओठ दिसले नसते.

पहिलं दाखवलं ते हातात मावेल एवढं, स्वस्तातलं. गाडीला जोडलं की ते बिघाडाचा नंबर टीं-टीं वाजवून सांगतं, आपण फक्त मोजायचं. भावजींना ते लगेच पसंत पडलं.

"हेच घे. निम्म्यात काम. मोजता तर येतं ना?"

"हे नको," मी म्हटलं.

"का नको?"

मी काय सांगणार होते? ह्यांना ती टीं-टीं ऐकू येणार नाही, हे सख्ख्या भावाला सांगायचं नाही असं मी ह्यांना वचन दिलेलं.

"नको म्हणजे नको."

"कारण नाही, काही नाही. नको म्हणे." भावजी दुकानदाराकडे बघून म्हणाले, "बायकांची साडीखरेदी अशीच असते."

दुसरं मशीन अगदी नवं, चपटं, चकचकीत. त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत लिहून यायचं. भावजी वाचून दाखवायला लागले. महाग होतं, पण त्यांना तेच शोभेचं वाटलं. मला मात्र वरच्या फळीवर एक राखाडी रंगाचं जाडजूड धूड दिसत होतं. पडदा लहान, त्यावर हिरवे आकडे, आणि सोबत पिशवीभर वेगवेगळ्या आकाराचे प्लग.

"ते कसलं?"

"बेन, ए तो जूनुं छे. बंद पडलेल्या एका गॅरेजचं आहे. नवुं लई जाओ, नवंच घ्या."

"दोन्ही गाडीला लावून दाखवा. जे बसेल ते घेऊ."

"गाडी डहाणूला, मशीन इथे," भावजी म्हणाले. "कशाला तमाशा करता? माणूस कंपनीचा माल देतोय."

"बांगडीसुद्धा हातात चढवून बघतात, मग पैसे देतात."

दुकानदार हसला. रविवारी दोन्ही घेऊन येतो म्हणाला. आम्ही परतीच्या बसने निघालो. तलासरीला उतरताना भावजी म्हणाले, "पैसे माझे आहेत, विसरू नका."

"पैसे तुमचे," मी म्हटलं, "पण फेडणार आम्ही."

 घरी आल्यावर हे विचारत राहिले, काय म्हणालीस त्याला. मी सांगितलं नाही.

रविवारी सगळे जमले. शेठ गाडी घेऊन आले. नव्या मशीनचा प्लग रुंद, चपटा. तो स्टिअरिंगखाली जोडतात, असं दुकानदाराने सांगितलं. तिथे वाकून त्याने हात घातला, टॉर्च मारली, पाठीवर झोपून बघितलं. त्या गाडीला तिथे भोकच नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी बॉनेट उघडून बॅटरीजवळची एक काळी डबी दाखवली. तिची भोकं वेगळीच. दुकानदार म्हणाला, जोडायची वायर मुंबईहून मागवता येईल, बहुतेक मिळेल.

"बहुतेक," मी म्हटलं.

जुन्या मशीनच्या पिशवीतले प्लग एकेक लावून बघितले. एक बसला. हिरवा आकडा आला. शेठ टाळी वाजवून म्हणाले, "बुढ्ढ्या नवऱ्याला बुढ्ढी बायको. बरोब्बर जोडा लागला." भावजींनी पैसे दिले, पण दुकानदाराच्या हातावर असे ठेवले जसे काही विहिरीत टाकतायत.

इथपर्यंत मी जिंकले असं वाटत होतं. पण आकड्यावरून शेठनी मशीनसोबतच्या पुस्तकात बघितलं तर निघालं, इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय. पुस्तकात आधी धुराच्या नळीवरचा एक भाग तपासायला सांगितलं होतं. ह्यांनी तो तपासला नाही, सरळ नवाच मागवून बसवला. महाग. गाडी चालू केली, मशीन लावलं, तोच आकडा. आणि दम तसाच तुटत होता.

भावजी त्या दिवशी मुद्दाम आले होते. "घ्या आता. आकडा दाखवायला एवढे पैसे? आकडे तर कॅलेंडरवर पण दिसतात."

 शेठनी किल्ली मागितली. उद्या मुंबईला पाठवतो म्हणाले. ह्यांना ते कळलं, कारण शेठ समोर होते. हे तसेच हात पुसत उभे राहिले.

मी चहाचे कप गोळा करायला पुढे गेले होते. इंजिन चालू होतं. बॉनेटजवळ वाकले तेव्हा एक बारीक आवाज आला. कुकरची रिंग झिजली की शिटीच्या आधी कडेने सुसू होतं, अगदी तसा. कान शाबूत होता तेव्हा तो आवाज ह्यांना डिसमिस न लावताही आला असता.

मी हाक मारली. हे माझ्याकडे बघत नव्हते. पुन्हा मारली. मग मी कप खाली ठेवले, सगळ्यांसमोर ह्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या रबरी नळीखाली नेऊन ठेवलं. नळी खालून चिरली होती. बोट ठेवताच ते आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा सूर बदलला. ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मशीनवरचे आकडे हलायला लागले.

शेठनी गाडी बंद केली. शांत झाल्यावर हळूच विचारलं, "तुला ऐकू येत नाही?"

हे शेठकडेच बघत होते, प्रश्न कळताच ते बॉनेटमध्ये वाकले. भावजींचं तोंड उघडंच होतं. दहा वर्षं मी त्या गॅरेजात चहा देऊन मागे गेले होते. त्या दिवशी गेले नाही.

"नाही येत," मी म्हटलं. "मला येतं. मशीन आकडा सांगतं, मी आवाज सांगते, काम हे करतात. तुम्हाला चालत असेल तर गाडी इथे ठेवा."

शेठनी चिरलेली नळी वाकून बघितली. मग म्हणाले, "नळी बदलायला किती वेळ लागेल?"

हे माझ्यावर रागावले. दोन दिवस जेवताना खाली बघून जेवले, म्हणजे माझे ओठ दिसू नयेत. तिसऱ्या दिवशी एक जीप आली. गॅरेजातून ह्यांनी हाक मारली, "अगं, ये इकडे, ऐक." तेव्हापासून मी पुढेच बसायला लागले. वचन मोडलं, त्याची मला लाज वाटत नाही. ते झाकून ठेवण्यातच आमचा अर्धा जीव जात होता.

लोक बोलायचे. एका ट्रकवाल्याने खिडकीतून विचारलं, "काय उस्ताद, आता बाई गाडी बघणार काय?" मी म्हटलं, "बघणार नाही, ऐकणार. इंजिन चालू ठेव आणि तोंड बंद." धाकटी डहाणू गावच्या एक कोळीणबाई मासळीच्या टेम्पोत बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांची पाटी कलंडली.

राखाडी मशीन सगळ्या गाड्यांना चालत नव्हतं. पण जुन्या परदेशी गाड्या असलेली आणखीही माणसं त्या हायवेवर होती आणि शेठ त्यांना आमचा पत्ता द्यायचे. आम्ही भावजींचे पैसे जमेल तसे देत राहिलो. देताना मी दर वेळी स्वतः जायची. जाऊबाई विचारायच्या, "आज सुट्टी का गॅरेजला?" मी म्हणायची, "हो, मेकॅनिकला सुट्टी आहे."

शेवटचे पैसे द्यायला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि कानात मशीनही लावलं होतं, नवंच घेतलेलं. त्याने थोडंसंच ऐकू यायचं, पण लावलं होतं. भावजींनी नोटा मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि कपाटाकडेच तोंड करून काहीतरी पुटपुटले.

"भावजी," मी म्हटलं, "ह्यांच्याकडे तोंड करून सांगा."

ते वळले. क्षणभर मला वाटलं, आता चौथीवरून काहीतरी निघणार. पण ते धाकट्या भावासमोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सगळे पैसे मिळाले. आता काही बाकी नाही."

"ऐकलं," हे म्हणाले.