‘स्वखुशीने’ हा शब्द माझा

हे सांगायचं मी सव्वीस वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी करुणा भगतचं नाव काढलं, तेव्हा मी विषय क्रिकेटवर नेला होता.

करुणाला जाऊन सहा आठवडे झाले. वणीच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. सकाळी मुलींचा सराव घेऊन घरी आली आणि छातीत कळ येऊन कोसळली. तिच्या भावाने फोन केला, “सर, ताई गेली,” एवढंच म्हणाला. काहीतरी विचारायचं म्हणून मी तिचं वय विचारलं. ते मला ठाऊक होतं. सेहेचाळीस.

शोकसभा इथे यवतमाळला झाली, मी ज्या कॉलेजात क्रीडा संचालक होतो तिथल्याच सभागृहात. करुणा दोन वर्षं आमच्याकडून बास्केटबॉल खेळली होती. त्या वेळी संस्थेचे जे सचिव होते ते आता अध्यक्ष आहेत. नाव लिहीत नाही. आपल्याबद्दल लिहिलेलं ज्याचं त्याला कळतं. ते म्हणाले, करुणा ही आमच्या संस्थेची लेक, आम्ही तिला घडवलं, पुढे घरच्या ओढीने ती स्वखुशीने वणीला गेली. लोक माना डोलवत होते. मग त्यांनी जाहीर केलं की नव्या बास्केटबॉल मैदानाला तिचं नाव देणार, हाच मजकूर दगडी पाटीवर कोरणार, आणि तिचे गुरू म्हणून स्मरणिकेत लेख मी लिहिणार... त्या मजकुरातला ‘स्वखुशीने’ हा शब्द माझा आहे. तो दगडावर चढायच्या आत खरं काय ते लिहितो.

आमच्या मैदानाला पूर्वेकडे उतार होता. बाहेरून आलेल्या संघांचे चेंडू भलतीकडे जायचे. करुणाने पहिल्याच आठवड्यात तो उतार हाताने मोजला आणि टप्पा असा टाकायला लागली की चेंडू स्वतःहून वळून तिच्या डाव्या हातात यावा. स्वतःकडून फाउल झाला की शिटीची वाट न बघता हात वर करायची. पंचांना दिसला नसेल तरी. मैत्रिणी चिडवायच्या, “तुले का पंचाची नोकरी लागली वं?” ती म्हणायची, “झाला तं झाला, लपवाचं कायले?” तिचे बाबा वणीकडच्या कोळसा खाणीत होते. मुलीने विद्यापीठाच्या संघातून खेळावं आणि त्या प्रमाणपत्रावर रेल्वेच्या खेळाडू भरतीत लागावं, एवढंच बापलेकीचं ठरलेलं होतं. ती लागली असती. मी तीस वर्षं खेळाडू पाहिले, माझं ऐका.

तिसऱ्या वर्षी कॉलेज उघडता उघडता सचिवांच्या मुलीचं लग्न निघालं. आमचा संघ कामाला लावला गेला. कोणी कुठे उभं राहायचं ते सचिवांनी सांगितलं आणि यादी मी लिहिली. दहा मुली गेटवर, अत्तर-गुलाबपाण्याला. दोघी उष्ट्या पत्रावळी उचलायला, करुणा आणि तिच्याच वस्तीतली एक. त्या दोन नावांत काय सारखं होतं, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. तशी गरजच नव्हती.

यादी वाचून करुणा माझ्याकडे आली. “सर, गेटवर दहा अन् पत्रावळीले आम्ही दोघीच, हे काहून?”

मी म्हणालो, वाद घालू नको, लग्नघर आहे.

“आमच्या घरचं नाही,” ती म्हणाली आणि त्या दुसरीला घेऊन ऑटो करून हॉस्टेलवर निघून गेली. तिसऱ्या दिवशी दोघींच्या पेट्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात ठेवलेल्या होत्या. कॉलेजातूनही काढलं, कारण शिस्तभंग. दुसऱ्या मुलीने माफीनामा लिहून दिला, ती राहिली. करुणाने दिला नाही. तिने वणीच्या कॉलेजात नाव घातलं.

तेव्हा कॉलेजं एकमेकांचे खेळाडू पळवायची, म्हणून विद्यापीठाचा नियम कडक होता. कॉलेज बदललेल्या खेळाडूला पहिलं वर्ष खेळता येत नसे. सूट एकच. आधीच्या कॉलेजनेच काढलं असेल तर बंदी उठायची, आणि तसा दाखला द्यायचा तो आधीच्या कॉलेजच्या क्रीडा संचालकाने. म्हणजे मी. करुणाचं शेवटचं वर्ष होतं. पुढचं वर्ष तिच्यापाशी नव्हतंच.

ऑक्टोबरात तिचे बाबा त्या दाखल्याचा कोरा कागद घेऊन आले. अकरा वाजल्यापासून माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होते. मी चार वाजता आत घेतलं. ते उभेच राहिले. “साहेब, तिले काढलं, एवढंच लिहून द्या जी. खोटं लिहाले नाही सांगत.” मी म्हणालो, टपालाने पाठवतो. संध्याकाळी सचिवांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काढलं असं लिहिलं तर विद्यापीठ विचारणार, का काढलं? माझा मुलगा तेव्हा संस्थेच्याच शाळेत नुकता लागला होता, कायम व्हायचा होता. मी पेन काढलं आणि कॉलेज सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं, ‘स्वखुशीने’.

करुणा अपात्र ठरली. विद्यापीठाचा संघ तिच्याशिवाय गेला, रेल्वेची भरतीही हुकली. माझा मुलगा कायम झाला.

स्मरणिकेसाठी मी आधी इथवरचा हाच लेख दिला होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. “सर, जुनं कायले उकरून राह्यले? तिच्या नावानं मैदान होऊन राह्यलं, अजून काय पाह्यजे?”

मी म्हणालो, पाटीवरचा एक शब्द बदला. कोणता ते सांगितलं. ते हसले.

“तो तं तुमच्याच हातचा आहे, सर.”

म्हणजे तेही विसरले नव्हते. माझ्या नाकातली वेसण म्हणून त्यांनी तो शब्द सव्वीस वर्षं जपून ठेवला होता. मग ऐका, अध्यक्षसाहेब. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, वेसण ओढून नेणार कुठे? यादी माझ्या अक्षरात होती, दाखला माझ्या अक्षरात होता, आणि हे सगळं लोकांना मीच सांगतो आहे. स्मरणिका पाहुणे एसटीत विसरून उतरतात. वर्तमानपत्राची ही पुरवणी जिल्हाभर जाते, तुमच्या घरीही येते. तुमच्या बीपीची काळजी म्हणून घरच्यांनी लपवली, तर शेजाऱ्यांनी आपली प्रत द्यावी, ही विनंती. आणि पाटी तशीच लागली, तर उद्घाटनाला पहिल्या रांगेत मी बसेन. कात्रणाच्या शंभर झेरॉक्स घेऊन.

तुमचा हिशेब एवढ्याने झाला. माझा होत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी वणीला गेलो होतो. शाळेच्या मैदानावर तिचा सराव चालू होता. तिने खुर्ची मागवली, चहा मागवला, मुलींना माझ्या पाया पडायला लावलं. मी यवतमाळहून तीन वाक्यं पाठ करून निघालो होतो. मुली पांगल्यावर म्हणालो, “करुणा, तो दाखला...”

“माह्यत आहे, सर. अक्षर तुमचं होतं, मले तवाच ओळखू आलं. ते मी कवाच सोडून देलं. पण एक इचारू? बाबा अकरापासून चारपर्यंत तुमच्या दाराशी बसले होते. ऑक्टोबरचं ऊन. तुम्ही त्यायले पाणीबी काहून नाही इचारलं?”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझी तिन्ही वाक्यं दाखल्याची होती. हे मला आठवतही नव्हतं, आणि तिने विचारताच सगळं आठवलं. माठ माझ्या खोलीतच होता. पेला एकच होता, माझा. एका मुलीने हाक मारली आणि ती उठून गेली.

परतीच्या एसटीत मला उत्तर सापडलं. घरी येऊन ते कागदावर उतरवलं, कारण तोंडाने ते पुन्हा अडलं असतं. ‘करुणा, त्यांची तहान मला दिसत होती. त्या दिवशी मी सचिवांना भ्यालो तो संध्याकाळी. दिवसभर मी माझा पेला सांभाळत होतो. मला माफ कर.’

आज जातो, उद्या जातो करत राहिलो; या वेळची दिवाळी झाली की वणीला जाऊन तिला वाचून दाखवणार होतो.