अव्वाचे दात

आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. अव्वा लहानपणी पडली तेव्हा तिचा समोरचा एक दात अर्धा तुटला होता, म्हणून ती कधी मोकळ्या तोंडानं हसली नाही. हसू आलं की पदराचं टोक दोन बोटांत धरून ओठांपुढे न्यायची आणि मान भिंतीकडे वळवायची. अहमदपूरच्या आमच्या कापडाच्या दुकानात अप्पा गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम काहीतरी बोलून तिला हसवायचे आणि पदर वर गेला की खूश व्हायचे. अख्खा संसार त्यांनी हाच खेळ केला.

ती गेल्याला वर्ष झालं तेव्हा पुण्याच्या माझ्या भावानं तिच्या एका फोटोवरून मोबाईलवर व्हिडिओ बनवून आणला. त्यात अव्वा पापण्या हलवते, मान जराशी कलती करते आणि हसते. तोंड भरून हसते. दात सगळे पांढरे, एकसारखे. आवाज नाही. हसून झालं की ओठ मिटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, मध्ये दम घ्यायलाही ती थांबत नाही. पुण्यस्मरणाला जमलेल्या बायका डोळे पुसू लागल्या. माझ्या अंगावर काटा आला. अप्पांनी चष्मा वर सरकवून निरखून बघितलं.

"हे दात कुणाचे हायत? हिचे न्हाईत," ते म्हणाले.

मला हायसं वाटलं. भाऊ खट्टू झाला, पण जाताना त्यानं तो व्हिडिओ अप्पांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला.

मी नांदेडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. पोरं हा विषय दुसरं काही मिळालं नाही म्हणून घेतात, हे मला ठाऊक आहे. न्यायदर्शनातला भ्रम शिकवताना मी शिंपल्याचं जुनं उदाहरण देते. वाळूत शिंपला चमकतो आणि आपल्याला चांदी दिसते. ती चांदी अगदीच हवेतली नसते, आधी कुठेतरी पाहिलेली असते आणि आठवणीतून येऊन शिंपल्यावर बसते. यावर उपाय एकच, उचलून बघायचं. हातात शिंपला आला की चांदी गेली. मोबाईलवरच्या थापांनाही हेच औषध, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. हे शास्त्र नुसत्या आठवणीला प्रमाण मानत नाही, हेही त्याच तासाला सांगायची. जुने लोक उगाच इतके कडक, असं तेव्हा वाटायचं.

दिवाळीत अहमदपूरला गेले. सकाळी अप्पा पूजेला बसले होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि एकटक बघत राहायचं. बघता बघता डोळे मिटले तरी ते दिसायला लागतं, असं ते लहानपणी मला सांगायचे. पूजा आटोपली, लिंग डबीत गेलं आणि त्याच तळहातावर त्यांनी मोबाईल घेतला. तशीच ताठ पाठ, तशीच नजर. अव्वा हसत होती, ओठ मिटत होती, परत हसत होती. अप्पांचे ओठ तिच्याबरोबर उघडत होते आणि तिच्याबरोबरच मिटत होते. खोलीभर ऊन होतं, बाहेर भाजीवाली ओरडत होती, तरी मला तिथं उभं राहवेना.

चहा घेताना मी विचारलं, ते दात खोटे आहेत हे ध्यानात आहे ना. ते म्हणाले, डोळे मिटले की अशीच दिसायलीय, लई साफ दिसायलीय. मी चिडले. तुटका दात, पदर, दुकानातलं हसणं, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी दुसऱ्याच्या घरची हकीकत ऐकावी तसं मान हलवत ऐकून घेतलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी डोळे मिटले. मला पदर बघायचा होता. आले ते दात, सगळे पांढरे, एकसारखे. तुटका दात डावीकडचा होता की उजवीकडचा, हेही आठवेना. नांदेडला येऊन सगळे फोटो उपसले. प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटलेले. उचलून बघावा असा शिंपलाच आमच्याकडे नव्हता. तो दात अव्वाबरोबरच गेला होता, आणि तिला आम्ही आमच्या लिंगायत रीतीनं, शेताच्या बांधाजवळ, बसवून माती दिली होती. मी खूप घाबरले. अव्वा गेली तेव्हा रडले होते, पण अशी घाबरले नव्हते.

परवा नात्यातल्या लग्नासाठी पुन्हा गेले. साडी नेसले होते. जेवणं झाल्यावर अप्पा ओसरीवर बसून नवरदेवाच्या मामाची नक्कल करून दाखवू लागले. फार दिवसांनी ते असे रंगात आले होते. मला हसू फुटलं, आवरेना. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की माझी मान भिंतीकडे वळली आहे आणि पदराचं टोक दोन बोटांत धरून मी ओठांपुढे नेलं आहे. माझे दात धड आहेत. मी असं कधी हसत नाही.

आता अप्पांना आठवेल, असं वाटून मी त्यांच्याकडे बघितलं. ते नक्कल थांबवून माझ्याकडेच बघत होते.

"ही काय खोड लागली तुला, तोंड झाकून हसायची?" ते म्हणाले. "तुझी अव्वा बघ, कशी मोकळी हसायची."

त्यांनी मोबाईल डाव्या तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. मी तिकडे बघितलं नाही. पदरही खाली घेतला नाही.