वाळूनं घासलेलं मडकं

दूध करपल्याचा वास आला की मला जर्मनीतल्या हायडेलबर्गचं ते ओलं अंगण आठवतं. माझी लेक तिथं एका जुन्या घराचा उकिरडा उकरायच्या कामावर होती. तीन-चारशे वर्षांपूर्वी लोकांनी टाकलेली खापरं निघायची, आणि चांगली शिकलेली माणसं ती दात घासायच्या ब्रशनं हळूहळू धूत बसायची. मला हसू यायचं. मी जन्मभर खाणावळीत भांडी घासलेला माणूस. एक अर्धं मडकं आतून करपलेलं दिसलं, तसं मूठभर वाळू घेऊन मी ते लख्ख केलं आणि ऐटीत लेकीपुढं धरलं. ती पांढरीफटक पडली. "अहो बाबा, हे काय केलंत! त्या थरावरून ते लोक काय खात होते ते कळणार होतं." तेवढ्यात तिची वरिष्ठ बाई आली. लेक स्वतःच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी सांगू लागली, तेव्हा मी ओळखलं, पोर माझी चूक अंगावर घेतेय. म्हटलं, "खरं सांग तिला. मी घासलं." बाई ओरडली नाही. "आल्झो," म्हणाली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बरं तर', आणि कागदावर लिहू लागली. लेकीनं वाचून दाखवलं, आतला करपलेला थर पाहुण्यानं वाळूनं घासला. "पाहुणा कशाला? नाव लिही म्हणावं." बाईनं एकेक अक्षर विचारून माझं नाव लिहिलं आणि ते मडकं आधीइतकंच जपून पिशवीत ठेवलं. झालेली चूकसुद्धा जपून ठेवणारी माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. काल घरी दूध करपलं, बायकोनं काथ्या उचलला, तर माझ्या तोंडून निघालं, "थांब, आधी लिहून ठेवू."