वाढदिवसाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात वाढदिवसाला केक नसे, गाऱ्हाणं असे. सिंधुदुर्गातून गोव्यात डिचोलीला येताना माझ्या वडिलांनी जे थोडंफार आणलं, त्यात ही रीतही होती. देवापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या कर्त्याने मोठ्याने सांगायचं की आमच्या पोराला सध्या हे आवडतं, ते आवडतं, ते मिळत राहू दे. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवाला हे सांगायचं कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. वडील म्हणाले, “पोर दर वर्साक बदलता. देवाक जुनाच ठावक आसता.”

गोवा राज्य झालं त्या सुमारास माझी मुलगी सहा वर्षांची झाली. मी तेव्हा सांग्याकडच्या एका खाणीवर मशीनं दुरुस्त करायचो. शनिवारी संध्याकाळी घरी, रविवारी संध्याकाळी परत. वाढदिवस नेमका रविवारी आला. सकाळी बायको म्हणाली, “तिका काय काय आवडता, सांगू तुमका?”

मला राग आला. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा मी, मला माझी पोर कळत नाही होय? “माका सगळा म्हायत आसा,” मी म्हणालो. तिने आपल्या भावाने कुवेतहून आणलेला टेपरेकॉर्डर देवापुढे ठेवला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि गालात हसली.

“म्हाराजा, आमच्या चेडवाक रसातले शिरवाळे आवडतत.”

“व्हय म्हाराजा,” बायको म्हणाली. मुलीने नकारार्थी मान हलवली.

“काय झाला गो?”

“आता नाय. आता चायेत बुडवलेलो उंडो.” शिरवाळ्यांची जागा पावाने घेतली होती.

रंग लाल म्हणालो, तर “नाय म्हाराजा, पिवळो!” “लाल कित्याक नाय?” “लाल तर रस्त्यावरची सगळी झाडा आसत.” खाणीच्या ट्रकांची धूळ बसून ती तशीच दिसत, खरं आहे. बाहुली म्हणालो, तर बाहुली केव्हाच मागे पडली होती. माझ्या खिशातून घरी राहिलेलं एक जुनं बेअरिंग ती आता तासन्‌तास फरशीवर फिरवत बसे. हात दाखवून अवलक्षण! पण माझा राग कुठल्या कुठे गेला. हे सगळं कधी झालं? कुठल्या मंगळवारी, कुठल्या गुरुवारी? मी गाऱ्हाणं सोडून तिलाच एकेक विचारत सुटलो.

हुकमाचं एक पान मात्र मी हातचं राखून ठेवलं होतं. ते चुकणं शक्यच नव्हतं.

“आणि म्हाराजा, तिका शनवार आवडता!”

“नाय म्हाराजा. शुक्रवार.”

बायकोही चमकली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“शुक्रवारी काय आसता गो?”

“शुक्रवारी आई सांगता, बाबा उद्या येतले. मगे माका दिसभर बरा वाटता.”

“आणि शनवारी? शनवारी तर मी येतंय.”

“येतास. पण तुमी इलास की माका वाटता, आता जातलास.”

बायकोने माझी पिशवी सकाळीच भरून दाराशी ठेवली होती. पोर बोलताना देवाकडे नव्हे, त्या पिशवीकडे बघत होती. मी उठलो आणि पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी ती मलाच बाहेर काढावी लागली.